चोरीचा संशय आणि घाईघाईत लिहून घेतलेला राजीनामा

चोरीच्या संशयावरून कामावरून काढतात तेव्हा खरं नुकसान बहुतेकदा पहिल्या तासाभरातच होतं. केबिनमध्ये बसवतात, मोबाइल टेबलावर ठेवायला लावतात आणि सांगतात, "राजीनामा लिहून दे, विषय इथेच संपवू. नाहीतर पोलीस." माणूस घाबरून सही करतो.

ती सही करू नका. राजीनामा हातात आला की कंपनीला चौकशीच करावी लागत नाही. तो जबरदस्तीने घेतला हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं. कबुलीजबाब तर त्याहून वाईट. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही, पण मालकाला लिहून दिलेली चालू शकते. सही होऊन गेली असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ईमेल आणि स्पीड पोस्टने कळवा: किती वाजता, कोणासमोर, काय धमकी देऊन सही घेतली आणि ती तुम्हाला मान्य नाही. महिनाभराने लिहिलेल्या पत्राला 'मागाहून सुचलं' म्हणतात. त्याच पत्रात तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची जागा लिहून सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायची मागणी करा. जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं, आणि तुमच्या बाजूचं तेवढंच असू शकतं.

चोरीचा ठपका ठेवून काढायचं तर आरोपपत्र, उत्तराची संधी, साक्षीदारांची उलटतपासणी आणि चौकशी अहवाल हे टप्पे लागतात. मात्र चौकशी सदोष ठरली म्हणजे केस जिंकली असं नाही. औद्योगिक न्यायाधिकरणापुढे, म्हणजे कामगार आणि मालक यांच्यातले वाद ऐकणाऱ्या कोर्टासारख्या संस्थेपुढे, कंपनी नव्याने पुरावा देऊ शकते. शिवाय इथे 'निःसंशय सिद्ध' व्हावं लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढंच पाहतात. म्हणून चौकशीला गैरहजर राहू नका.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. काढल्यापासून दोन वर्षांच्या आत समेट अधिकाऱ्याकडे (दोन्ही बाजूंत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) अर्ज करा; तिथे तोडगा निघाला नाही तर न्यायाधिकरण. हे 'कामगार' व्याख्येत बसणाऱ्यांसाठी. व्यवस्थापक किंवा महिना 18,000 रुपयांवर पगार असलेले पर्यवेक्षक यांना दिवाणी कोर्ट उरतं, आणि तिथे नोकरी परत मिळणं जवळपास अशक्य. भरपाईवरच समाधान मानावं लागतं. हा फरक मला अन्यायकारक वाटतो, पण कायदा तसा आहे.

हिशेबाचे पैसे अडवून ठेवणं हा दबावाचा नेहमीचा प्रकार. वेतन संहितेनुसार काढल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत पगार चुकता करायचा असतो. पीएफला कंपनी हात लावू शकत नाही. ग्रॅच्युइटी मात्र नैतिक अधःपतनाच्या (चोरीसारख्या अप्रामाणिक) कृत्यासाठी जप्त होऊ शकते, आणि त्यासाठी फौजदारी शिक्षा झालेलीच असावी लागते असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केलंय. म्हणूनच बडतर्फीच्या आदेशातला शब्द न् शब्द वाचा.

पोलिसांत तक्रार झाली तर बहुधा भारतीय न्याय संहितेचं कलम 306 लागतं: नोकराने केलेली चोरी, शिक्षा सात वर्षांपर्यंत. अटकेची भीती असेल तर पोलिसांच्या नोटिशीची वाट न पाहता वकिलाकडून अटकपूर्व जामिनाचा अर्ज करा.

आणि बेकार असल्याचं न्यायाधिकरणापुढच्या अर्जातच लिहा. काढल्यापासूनचा मागील पगार मागायचा तर हे निवेदन लागतंच. नंतर तुम्ही दुसरीकडे कमावत होता हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर जाते.