'कंटेनरमधून काढलेल्या सर्व्हिसच्या मेथड दिसत नाहीत' या एक तारा परीक्षणाला आमचं उत्तर

नमस्कार,

आमच्या पीएचपी ऑटोकम्प्लीट प्लगइनला तुम्ही एकच तारा दिलात, पण कारणं मुद्देसूद लिहिलीत आणि स्क्रीनशॉटही जोडलेत. म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमच्या तक्रारी तीन आहेत. कंटेनरकडून, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारे ऑब्जेक्ट (सर्व्हिस) पुरवणाऱ्या भागाकडून, 'मेलर' मागून पुढे बाण (->) टाइप केला की मेथडची यादी रिकामी येते. लॉगरच्या, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हिसच्या बाबतीत यादी येते, पण अर्धवट. आणि सपोर्टला विचारलं तर 'कोड बदला' असं सांगितलं जातं. पैसे मोजून टूल घेतलेल्या माणसाला हे तिसरं ऐकायला आवडणार नाही, हे मला पूर्ण समजतं.

आधी रिकाम्या यादीबद्दल. एडिटर तुमचा प्रोग्रॅम चालवत नाही, तो फक्त फाइली वाचतो. 'मेलर' या नावामागे नक्की कोणता ऑब्जेक्ट द्यायचा हे कंटेनर ठरवतो, तेही प्रोग्रॅम चालू असताना, कॉन्फिगरेशन किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघून. पीएसआर-11 हे कंटेनरसाठीचं सामायिक प्रमाण 2017 साली आलं. त्यातली 'गेट' मेथड एक स्ट्रिंग घेते आणि परत काय मिळेल याबद्दल 'मिक्स्ड' एवढंच सांगते, म्हणजे काहीही मिळू शकतं. एवढ्या माहितीवर कोणत्या मेथड सुचवायच्या?

नावावरून अंदाज बांधून, प्रोजेक्टमधला 'मेलर' नावाचा पहिला क्लास शोधून त्याच्या मेथड दाखवणं अवघड नाही. ते आम्ही मुद्दाम केलेलं नाही. चुकीची मेथड सुचवली गेली तर पीएचपी ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत गप्प बसते, आणि मग 'अनडिफाइंड मेथड'चा एरर वापरणाऱ्यासमोर येतो. रिकामी यादी त्रासदायक आहे, पण ती खोटं बोलत नाही.

यावर उपाय आहेत, आणि त्यातल्या पहिल्यासाठी तुमच्या कोडची एकही ओळ बदलावी लागत नाही. प्रोजेक्टच्या मुळाशी 'डॉट पीएचपीस्टॉर्म डॉट मेटा डॉट पीएचपी' या नावाची फाइल ठेवा आणि तिच्यात 'मेलर' म्हटलं की कोणता क्लास समजायचा, याची जोडी लिहा. ही पद्धत पीएचपीस्टॉर्म या एडिटरची, पण आमचं प्लगइनही ती फाइल वाचतं. ती फाइल कधीच चालत नाही, फक्त वाचली जाते, त्यामुळे सर्व्हरवर काहीही फरक पडत नाही. दुसरा उपाय म्हणजे स्ट्रिंगऐवजी क्लासचं नाव द्यायचं, म्हणजे मेलर::क्लास. ही सोय पीएचपी 5.5 पासून आहे. तुमच्या कंटेनरच्या डॉकब्लॉकमध्ये (मेथडच्या वर लिहिलेल्या माहितीच्या कॉमेंटमध्ये) 'टेम्प्लेट' आणि 'क्लास-स्ट्रिंग' लिहिलेलं असेल तर जो क्लास मागितला तोच मिळणार हे आम्हाला कळतं, आणि यादी लगेच भरते.

तिसरा उपाय आमच्या सहकाऱ्याने तुम्हाला सुचवला होता: कंटेनरकडे मागूच नका, कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या मेथडमध्ये) टाइपसकट घ्या. त्याच्या सल्ल्यामागे मी ठामपणे उभा आहे. हे केवळ आमच्या सोयीसाठी नाही. क्लासला काय काय लागतं हे कन्स्ट्रक्टर वाचला की एका नजरेत दिसतं, आणि टेस्टमध्ये आख्खा कंटेनर उभा करावा लागत नाही. फ्रेमवर्कही तिकडेच वळली आहेत. सिम्फनी 4 पासून सर्व्हिस मुळात प्रायव्हेट असतात, त्या कंटेनरकडून थेट मागताच येत नाहीत. पीएचपी 8.0 पासून तर कन्स्ट्रक्टरच्या कंसातच प्रॉपर्टी जाहीर करता येते, त्यामुळे पूर्वीचं तेच तेच टाइप करणं गेलं. पण चालू प्रोजेक्ट एका दमात बदला असं कुणीच म्हणणार नाही. नवा क्लास लिहाल तेव्हा असा लिहा, जुन्यांसाठी मेटा फाइल पुरेशी आहे.

आता लॉगरची 'अर्धवट' यादी. स्क्रीनशॉटमध्ये तुमच्या कन्स्ट्रक्टरचा टाइप लॉगरइंटरफेस आहे, पीएसआर-3 या लॉगरसाठीच्या सामायिक प्रमाणातला. इंटरफेस म्हणजे कोणत्या मेथड असायलाच हव्यात याची फक्त यादी. त्यात इमर्जन्सीपासून डीबगपर्यंत आठ मेथड आणि नववी 'लॉग'. यादीत बरोबर त्याच नऊ दिसताहेत. तुम्हाला हवी असलेली 'पुशहँडलर' (नोंदी कुठे पाठवायच्या ते बघणारा हँडलर जोडणारी) ही मोनोलॉग या लॉगिंग लायब्ररीच्या लॉगर क्लासची मेथड आहे, इंटरफेसची नव्हे. तुमच्या कंटेनरमध्ये आज मोनोलॉग जोडलेलं आहे हे खरं. पण तुमच्या क्लासने 'मला कोणताही लॉगर चालेल' असं जाहीर केलंय. उद्या टेस्टमध्ये कुणी त्याला नललॉगर (काहीच न नोंदवणारा लॉगर) दिला तर 'पुशहँडलर'ची ओळ तिथेच कोसळेल. ती मेथड सुचवली असती तर आम्हीच तुम्हाला त्या ओळीकडे नेलं असतं. मोनोलॉगच हवं असेल तर टाइप मोनोलॉगचा लिहा, 'पुशहँडलर' यादीत दिसेल. माझं मत विचाराल तर हँडलर जोडण्याचं काम कॉन्फिगरेशनमध्येच असावं, मेल पाठवणाऱ्या क्लासमध्ये नको.

एक गोष्ट आणखी तपासा. तुमचा प्रोजेक्ट सिम्फनीचा आहे, आणि सिम्फनी डीबग मोडमध्ये कंटेनरची सगळी माहिती एका एक्सएमएल फाइलमध्ये कॅश फोल्डरात लिहून ठेवते. प्लगइन ती वाचून सर्व्हिसची नावं आणि क्लास जुळवतं. प्रोजेक्ट फक्त प्रॉडक्शन मोडमध्ये चालवला असेल तर ती फाइल तयारच होत नाही. डेव्ह एन्व्हायर्नमेंटमध्ये एकदा कॅश तयार करा आणि मग एडिटरला इंडेक्स नव्याने बांधायला लावा. कदाचित मेटा फाइलचीही गरज उरणार नाही.

एवढं करूनही यादी रिकामीच आली तर सपोर्टच्या त्याच तिकिटावर सर्व्हिसची कॉन्फिगरेशन फाइल पाठवा, पासवर्ड आणि की काढून. ती मी स्वतः बघेन. आणि हे सगळं करण्याची इच्छा नसेल तर तेही तिकिटावर कळवा, परवान्याचे पूर्ण पैसे परत करू.