उलटा ठोका

आज एका नर्सच्या मनगटाचा फोटो पाहिला आणि डोकंच सणकलं. आयसीयूत काम करणारी बाई. मनगटाच्या आतल्या बाजूला ईसीजीच्या रेघेचा टॅटू. काम सुरेख आहे, कुठे थरथर नाही, काळा रंग एकसारखा बसलाय. आणि ठोका उलटा! आधी टी लाटेचा रुंद फुगवटा, मग क्यूआरएसचं टोक, शेवटी पी लाटेचा इवलासा उंचवटा. ईसीजीत हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला या तीन खुणा ओळीने येतात, पी आधी, मध्ये क्यूआरएस आणि टी शेवटी, हे ती झोपेतसुद्धा सांगेल.

असं होतं कसं? गोंदवण्याआधी डिझाईन कातडीवर छापतात त्या स्टेन्सिलच्या कागदावर जांभळी शाई मागच्या बाजूला उमटते. मागून पाहिलं की डिझाईन उलटं दिसतं, कातडीवर दाबलं की सुलट होतं. नवखा घाबरतो आणि छापायच्या आधीच फ्लिप मारतो. अक्षरं असती तर चूक लगेच दिसली असती, रेघेला कोण विचारतंय! त्यात स्टेन्सिल तपासायचं आरशात, नाहीतर सेल्फी कॅमेऱ्यात. तिथे उलट्याचं सुलटच दिसणार ना. अरे, हात समोर धर, साध्या डोळ्यांनी बघ, आणि तिलाच विचार!

फुलपाखराला एक ठिपका जास्त पडला तर कुणाचं काही बिघडत नाही. कामाचा टॅटू मात्र त्या कामातली माणसं वाचतात. जुने खलाशी पाकोळी गोंदवायचे ती 5000 सागरी मैल झाल्यावर. बघणाऱ्याला त्यातून हिशेब कळायचा.

इंजिनिअर लोकांच्या हातावरची ती तीन दातेरी चाकं तर बघवत नाहीत. तिन्ही एकमेकांत अडकवलेली. एकमेकांना लागलेली दोन चाकं उलटसुलट फिरतात, मग दोघांना लागलेल्या तिसऱ्याने कुठे फिरायचं? सगळंच जाम. नेटवरून उचललं, चिकटवलं, झालं.

तिची कातडी, तिची मर्जी, मान्य. बाहेरच्याला काही कळत नाही, हेही खरं. पण तिला कळतं की!

जागेचंही तेच. मेकॅनिकला पाना हवा असतो बोटाच्या कडेला. तिथली कातडी सतत घासली जाते, वरून ग्रीस आणि साबण. रेघ तुटक होते, फिकी पडते. म्हणून कारागीर सुई जास्त दाबतो. शाई साधारण 1 ते 2 मिमी आत, वरच्या थराखाली बसायला हवी. त्याहून खोल गेली की कडेने पसरते आणि रेघेभोवती निळसर सावली धरते. यालाच ब्लोआउट म्हणतात. पाना घ्यायचाच तर पोटरीवर किंवा कोपराखाली घ्या, आणि दोन रेघांत मोकळी जागा ठेवा. शाई वर्षानुवर्षं थोडी पसरतेच, चिकटून काढलेल्या रेघा एक होतात. नर्सने तर सुट्टी बघूनच तारीख घ्यावी. वरची जखम भरायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तेवढ्यात सॅनिटायझर व ग्लोव्हजचा घाम म्हणजे खपली उखडलीच समजा.

पुन्हा फोटो पाहिला. खरं सांगायचं तर त्या कारागिराचा हात चांगला आहे. मनगटाची कातडी पातळ असते, नीट ताणून धरली नाही तर रेघ नागमोडी येते. याची सरळ आलीय. फक्त विचारलं नाही त्याने.

दुरुस्ती अर्धीच सोपी आहे. शेवटचा छोटा उंचवटा रुंद करून त्याची टी लाट करता येईल. पहिला रुंद फुगवटा मात्र लहान करता येत नाही, कारण शाई वाढवता येते, पुसता येत नाही. तेवढ्या तुकड्याला लेझर लागेल. काळी रेघ लेझरला सगळ्यात लवकर दाद देते, तरी एका बैठकीत भागत नाही. दोन बैठकींमध्ये सहा ते आठ आठवडे जाऊ द्यायचे, कातडी पूर्ण शांत झाली की मग नवी रेघ.

फोटोखाली तिनेच हसत लिहिलंय की दुरुस्त करणार नाही, वॉर्डात नव्या आलेल्या पोरींना हात दाखवून चूक ओळखायला लावते. हसू आलं. राग काही गेला नाही.