पोटातला फेस, रक्तातला फेस: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा आक्षेप असा: हार्ट-लंग मशीनमधल्या (शस्त्रक्रियेत हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रातल्या) फेसनाशकाचे कण रुग्णांच्या मेंदूत सापडले हे मीच लिहितो, आणि त्याच जातीचं सिलिकोन असलेली गॅसची गोळी निर्धोक आहे असंही मीच म्हणतो. ‘रक्तात घातक, मग पोटात चालतं कसं?’ प्रश्न रास्त आहे.

मूळ पदार्थ दोन्हीकडे तोच, सिलिकोन तेल आणि त्यात सिलिकाची बारीक पूड. हे मिश्रण बुडबुड्याच्या पापुद्र्यावर पसरतं आणि पापुद्रा फुटतो. फरक आहे तो जागेचा.

१९५५ साली मिनेसोटा विद्यापीठात डीवॉल आणि लिलेहाय या डॉक्टरांनी बबल ऑक्सिजनेटर वापरात आणला. काळपट रक्तात थेट ऑक्सिजनचे बुडबुडे सोडायचे. रक्त लालभडक व्हायचं, पण फेसाळायचंही, आणि तो फेस धमनीत गेला तर मेंदूला इजा ठरलेली. म्हणून रक्त आधी फेसनाशकाचा लेप दिलेल्या कक्षातून जाई, मग उतरत्या वेटोळ्या नळीत उरलेसुरले बुडबुडे वर राहत. या साध्या, स्वस्त यंत्राने जन्मजात हृदयदोषाची कितीतरी मुलं वाचली, हे मला फार मोलाचं वाटतं. पण वाहतं रक्त त्या लेपाचे थेंब सोबत नेई. हे थेंब रक्तात विरघळत नाहीत. केशवाहिनीत अडकले की वाट बंद. इजा व्हायची ती विषबाधेने नव्हे, तुंबल्याने. पुढे पातळ पडद्याआडून रक्ताला ऑक्सिजन देणारे ऑक्सिजनेटर आले, रक्तात बुडबुडे सोडणंच थांबलं.

गोळीतलं हेच मिश्रण, म्हणजे सिमेथिकोन, आतड्यातून शोषलंच जात नाही. रक्तापर्यंत न पोचता शौचावाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. माझं म्हणणं एवढंच होतं.

निर्धोक म्हणजे गुणकारी, असं मात्र मी कुठेही म्हटलेलं नाही. त्याचा खरा उपयोग बघायचा तर एंडोस्कोपीत बघा. पडद्यावर जठराची भिंत पांढऱ्या फेसाखाली झाकलेली असते. सिमेथिकोन मिसळलेलं पाणी सोडलं की फेस विरतो, खालचं गुलाबी अस्तर दिसतं, आणि एखादी बारीक गाठ नजरेतून सुटण्याची शक्यता कमी होते. नेहमीच्या पोटफुगीत कुणाला आराम पडतो, कुणाला नाही.

तुमच्या नातवाच्या थेंबांबद्दल विचारलंत. पोटदुखीने रडणाऱ्या तान्ह्या बाळांवर झालेल्या चाचण्यांत सिमेथिकोन नुसत्या दिखाऊ औषधापेक्षा सरस ठरलेलं नाही. शिवाय अशा थेंबांत बरेचदा शेपेचं, बडीशेपेचं तेलही असतं, तेव्हा लेबल वाचा. बाळाला हिरवी उलटी झाली, शौचातून रक्त गेलं किंवा पोट टणक लागलं, तर थेंबांच्या भरवशावर थांबू नका, लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्या.