जसंच्या तसं जपलेलं शहर

शनिवारी आम्ही तिघं जर्मनीतल्या न्यूर्नबर्गला गेलो होतो. आमच्या एर्लांगेनहून एस-बान म्हणजे लोकल, दिवसभराच्या एका तिकिटावर अख्खं कुटुंब. बाराच्या ठोक्याला हाउप्टमार्क्ट या मुख्य चौकात पोचलो, कारण तिथल्या फ्राउएनकिर्खं या चर्चच्या घड्याळातले सात राजपुरुष सम्राट चौथ्या कार्लभोवती फेऱ्या घालतात ते लेकीला बघायचं होतं. मग शेजारच्या सोनेरी कारंज्याच्या जाळीतली कडी तिनं तीनदा फिरवली. द्राय इम वेग्ला, म्हणजे पावात घातलेले तीन छोटे सॉसेज, खाताना तिच्या तोंडाला मोहरी लागली होती, तसाच फोटो काढून मी घरच्या ग्रुपवर टाकला.

पाच मिनिटांत पुण्याहून माझ्या चुलतभावाचं उत्तर आलं. ‘बघा, सातशे वर्षांचं शहर जसंच्या तसं जपलंय. आपल्याकडे शनिवारवाड्याची नुसती जोती. सातमजली वाडा पुन्हा उभारलाच पाहिजे. आपल्या लोकांना कशाची किंमतच नाही.’ त्याखाली नऊ जणांचे अंगठे.

माझा राग अजून उतरलेला नाही. जसंच्या तसं? 2 जानेवारी 1945च्या रात्री बाँबहल्ल्यात तासाभरात या जुन्या शहराचा जवळजवळ नव्वद टक्के भाग जमीनदोस्त झाला. दादाला फोटोत दिसलं त्या चर्चच्या जेमतेम भिंती उरल्या होत्या. कारंजं तेवढं काँक्रीटचं कवच घातल्यामुळे युद्धातून वाचलं, पण तीही साधारण 1900 सालच्या सुमाराची प्रतिकृती आहे. चौदाव्या शतकातल्या मूळ कारंज्याचे तुकडे संग्रहालयात ठेवलेत. म्हणजे युरोपचं उदाहरण देऊन घरच्यांना कमी लेखायचं, तर निदान ते उदाहरण तरी नीट बघावं. मी इथे अकरा वर्षं राहते. हे मी रोज बघते, सुट्टीतल्या फोटोंत नाही.

आणि तो चौक मुळात मोकळा कसा झाला? तिथे ज्यूंची वस्ती होती. 1349 साली त्याच चौथ्या कार्लच्या संमतीनं ती उठवली, शेकडो माणसं मारली, सिनेगॉगच्या जागी चर्च बांधलं. ‘या राजाला सगळे नमस्कार का करतात?’ असं लेकीनं विचारलं, तेव्हा मी तिला हेही सांगितलं. नवरा म्हणाला, आठ वर्षांच्या मुलीला कशाला. पण तिच्या शाळेच्या रस्त्यावर फुटपाथमध्ये पितळी श्टोल्परश्टाइनं, म्हणजे नाझींच्या बळींच्या नावांचे छोटे दगड आहेत, त्यांवरची नावं ती येताजाता वाचते. तिला अर्धंच का सांगायचं?

शनिवारवाड्याबद्दलही मला हेच म्हणायचंय. 1732 साली वास्तुशांत झालेला तो वाडा 1828च्या फेब्रुवारीत जळला, सात दिवस जळत होता. छायाचित्रणाची कला जगापुढे यायलाच अजून अकरा वर्षं होती. न्यूर्नबर्गकरांकडे फोटो होते, नकाशे होते, आणि मुख्य म्हणजे त्या घरांत राहिलेली माणसं हयात होती. आपण वरचे मजले कशावरून बांधणार? कोरीव खांब कुणाच्या आठवणीतून काढणार? उभा राहील तो सिनेमाचा सेट. आणि त्याच वाड्यापासून शंभर मीटरच्या आत ज्यांची घरं आहेत, त्यांना कायद्यानं नवं बांधकाम करता येत नाही. त्यांच्या पावसाळ्यात गळणाऱ्या वाड्यांबद्दल नऊ अंगठ्यांपैकी एकानंही कधी शब्द काढलेला नाही.

दुपारी एगीडिएनप्लाट्झला गेलो. तिथलं पेलरहाउस लेकीला फार विचित्र वाटलं. खाली सोळाशे पाचच्या सुमाराचा जुना दगड, वर पन्नासच्या दशकातला सरळसोट दर्शनी भाग. ‘वरचं शाळेसारखं का?’ मागचं अंगण मात्र शहरातल्या जुन्या वास्तूंच्या मंडळानं लोकांकडून देणग्या गोळा करून दगडादगडानं पुन्हा घडवलं. त्याला दहा वर्षं लागली, 2018 साली पुरं झालं. दर्शनी भागही जुन्यासारखा करायचा का, यावर इथले लोक अजून भांडतात. आणि काटारीनेनकिर्खं हे चर्च त्यांनी भग्नच ठेवलं, त्याच्या बिनछताच्या भिंतींत उन्हाळ्यात गाण्याचे कार्यक्रम होतात. हे सगळं दादाला लिहायचं म्हणून मी मनात वाक्यं जुळवत किल्ल्याचा चढ चढत होते.

वर खोल विहीर आहे, कातळात सुमारे पन्नास मीटर खणलेली. गाइड बाई तांब्यातून पाणी ओततात, आणि सगळे गप्प राहून मोजतात. मग खालून चुबुक. लेक इतकी हरखली की तिनं पुढच्या गटाबरोबर पुन्हा ऐकायचा हट्ट धरला. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘आई, तुमच्या वाड्यातपण होती ना विहीर?’

होती. आड होता. सदाशिव पेठेत, चौकाच्या डाव्या कोपऱ्यात, रहाट असलेला. 2016 साली वाडा बिल्डरकडे गेला तेव्हा तो राडारोड्यानं बुजवला. कागदांवर सगळ्यांत शेवटी सही दादानं केली. चार महिने तो अडून बसला होता, आणि त्याचं मन वळवायला फोन मी केला होता. ‘जुन्या लाकडांना किती दिवस कवटाळून बसणार दादा?’ हे माझे शब्द. मी म्युनिकला भारताच्या वाणिज्य दूतावासात जाऊन मुखत्यारपत्रावर सही केली आणि माझ्या वाट्याच्या पैशांतून एर्लांगेनचं घर घेतलं. त्या घरात आज मी सागवानी पाट भिंतीला टांगलाय, येणाऱ्या जर्मन पाहुण्यांना ‘आमच्या वाड्यातला’ म्हणून दाखवते. ‘आपल्या लोकांना किंमत नाही’ असं लिहिताना दादाच्या मनात कोण होतं, हे मला त्या उतारावर कळलं.

शनिवारवाड्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. तो बांधू नये. पण जुळवलेली वाक्यं मी पाठवली नाहीत.

‘त्यात पाणी टाकलं तर कितीपर्यंत मोजायचं?’ लेक विचारत होती. मी कधी मोजलंच नव्हतं. गाडीत बसल्यावर दादाला तेवढंच लिहून विचारलं. पुण्यात रात्रीचे साडेदहा झाले असतील. लगेच उत्तर आलं: ‘दोर बावीस हात होता. उन्हाळ्यात चोवीस लागायचा. पोरीला फोन दे, सांगतो.’