कापसाचा भाव आणि सार्कवरचा चुकीचा आरोप

कापसाचे भाव घसरले की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांत एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. सार्क ही दक्षिण आशियाई देशांची सहकार्य संघटना भारताने १९८५ साली शेजाऱ्यांशी करमुक्त व्यापार करण्यासाठी काढली, काश्मीरचा प्रश्न सोडवणे हेही तिचे काम होते, ते न जमल्याने ती बंद पडली, मात्र तिच्या करारातून येणारा कापूस आजही आपला भाव पाडतो, असे त्यात म्हटलेले असते. साल सोडले तर यातले एकही विधान टिकत नाही, आणि शेवटचे विधान तर शेतकऱ्याच्या रागाची दिशाच चुकवते.

मूळ कल्पना भारताची नव्हती. बांगलादेशाचे राष्ट्राध्यक्ष झिया-उर-रहमान यांनी १९८० मध्ये शेजारी देशांच्या प्रमुखांना पत्रे लिहून हा प्रस्ताव मांडला. छोटे शेजारी एकत्र येऊन आपल्यावर दबाव आणतील अशी दिल्लीला शंका होती, तर पाकिस्तानला भारताच्या वर्चस्वाची धास्ती होती. त्यामुळे एप्रिल १९८१ मध्ये कोलंबोत परराष्ट्र सचिवांची पहिली बैठक झाली, तरी सात देशांनी ढाक्यात सनद स्वीकारायला ८ डिसेंबर १९८५ उजाडला. तोवर खुद्द झियांची हत्या होऊन चार वर्षे उलटली होती.

करमुक्त व्यापार हा स्थापनेचा हेतू असता तर तो सुरुवातीच्या कामांत दिसला असता. कोलंबोत निवडलेली क्षेत्रे शेती, ग्रामविकास, दूरसंचार, हवामानशास्त्र आणि आरोग्य व लोकसंख्या ही होती. साफ्ता हा मुक्त व्यापार करार २००४ मध्ये झाला आणि २००६ पासून लागू झाला. काश्मीरचे तर बोलायलाच नको, कारण द्विपक्षीय आणि वादग्रस्त प्रश्न चर्चेतून वगळावेत, असे सनदेचे दहावे कलमच सांगते.

संघटना निस्तेज झाली आहे, हे खरे. २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर शिखर बैठक झालेली नाही आणि उरी हल्ल्यानंतर २०१६ ची इस्लामाबादची परिषद रद्द झाली. तरीही काठमांडूचे सचिवालय आणि दिल्लीतील दक्षिण आशियाई विद्यापीठ सुरू आहे.

आता कापूस. भारतात येणारा परदेशी कापूस मुख्यतः अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि इजिप्तमधून येतो, आणि यांपैकी एकही देश सार्कचा सदस्य नाही. उलट सदस्य असलेला बांगलादेश भारतीय रुईचा मोठा ग्राहक आहे. आपल्या जिनिंग कारखान्यांतल्या गाठीही तिकडे जातात, म्हणजे ही शेजारची बाजारपेठ खानदेशला हवीच आहे. कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ या काळात माफ होते, तो निर्णय केंद्र सरकारचा स्वतःचा होता, सार्कच्या कोणत्याही कलमाने तो लादलेला नव्हता. भावाचा जाब विचारायचा असेल तर तो त्या निर्णयाबद्दल आणि हमीभावाच्या खरेदीबद्दल दिल्लीला विचारावा.