मोहोळ

डॉक्टरांनी मला रोज चार हजार पावलं चालायला सांगितलं होतं. त्याच आठवड्यात शाळेतले विज्ञानाचे सर म्हणाले, पक्षी सप्ताह आहे, पहाटे तलावावर पक्षी फेरी काढतोय, या. फेरी म्हटल्यावर माणूस काय समजेल? चालायचं असेल. तिथेच फसलो.

आमचा तलाव मामा तलाव. कुणाच्या मामाचा नव्हे. माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातला, त्याचं झालं मामा. भंडारा-गोंदियाकडे असे पुष्कळ आहेत. पाळीखाली, म्हणजे तलावाच्या बांधाखाली, ग्रामपंचायतीची बाग आहे, म्हणजे सिमेंटचे दोन बाक, एक घसरगुंडी आणि या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून उभा असलेला वड. सहाला आम्ही अकरा जण जमलो. दुर्बीण एक. सरांनी सप्ताहाची माहिती दिली : 5 नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर सालीम अलींचा, दोघेही पक्ष्यांचे मोठे अभ्यासक, मधले दिवस आपले. दवाने माझी पॅन्ट तोवर गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि जी भिजली नव्हती तिला कुसळं लागली होती.

फाटकापासून वडापर्यंत साठ पावलं. तिथे सरांनी हात वर केला आणि सगळे थबकले. ते पाऊण तास थबकलेलेच.

“हरियाल,” सर कुजबुजले. “राज्यपक्षी. दोन वाजता पाहा, काका.”

आता वाजले होते सव्वासहा. दोनपर्यंत उपाशी थांबायचं? मग कळलं, झाडाला घड्याळाची तबकडी समजायची असते. मी दोनला सुरुवात केली आणि साडेपाचपर्यंत आलो. एक खार दिसली आणि संक्रांतीपासून अडकलेला एक पतंग. दुर्बीण चष्म्यावर लावली तर स्वतःच्याच पापण्या दिसत, चष्मा काढला तर अख्खा वड नाहीसा. हा हिरवा-पिवळा पक्षी वडाची फळं खायला येतो आणि पानांत बसला की पानच होतो म्हणे. तो जमिनीला पाय लावत नाही अशीही एक जुनी समजूत आहे. माझ्या गुडघ्यांनाही एव्हाना तसंच वाटू लागलं होतं.

“दिसला ना काका?” चौथीतली एक पोरगी वही घेऊन उभी.

“हो तर! पिवळेधमक पाय.”

“फळ चोचीनं खात होता का पायानं?”

“पायानं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “काका, पायात धरून पोपट खातो. हरियाल कबुतरातला आहे.” आणि तरी वहीत काहीतरी लिहिलंच.

तेवढ्यात पाळीवरून दूधवाला आला. “काय होय गा? मोहोळ हाय का?”

सरांनी ओठावर बोट ठेवलं. झालं. आग्या मोहोळाखाली कोणी बोलत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. दूधवाल्याने गाडी बंद केली. धान कापायला निघालेल्या बाया थांबल्या, पदर नाकापर्यंत ओढून वर पाहू लागल्या. एकाने अंगावर पोतं घेतलं. कोणीतरी दबक्या आवाजात अंदाज केला, दहा किलो मध सहज निघेल. पक्षी पाहायला अकरा होतो, मोहोळ पाहायला तीस झालो, आणि या गर्दीत पाखरू कशाला थांबतंय!

घरी आलो तेव्हा मोबाइलवर 412 पावलं होती. त्यातली अर्धी कुसळं झटकताना पडली असतील. बायकोने पोहे पुढे केले, त्यावर तर्री घातली नाही. डॉक्टरांनी तेही सांगून ठेवलं होतं.

संध्याकाळी गल्लीतली दोन पोरं बादली आणि टेंभा घेऊन तलावाकडे गेली. तासाभराने रिकामी परत आली.

“मोहोळ नाही का रे?”

“कायचं मोहोळ! नुस्ते पाखरं. हिरवेगार, पाय हळदीवानी. पंधरा-वीस असतीन. हे इतके जवळ बसले होते, टेंभा पेटवला तसे उडाले.” मग त्यातला एक थांबला. “पण तुमाले तं सकाळीच दिसले म्हणे न काका? पायानं फळ खाताना?”