थुंकी निगेटिव्ह आली, दम मात्र गेला नाही

‘सहा महिन्यांचा कोर्स पुरा केला की टीबीचा रुग्ण पूर्वीसारखा कामाला लागतो’ हे टीबीवरच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. आमचे अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायचे. एक दिवस गोळी चुकवली नाही, शेवटची थुंकी निगेटिव्ह, कार्डावर ‘बरा झाला’. त्याला चार वर्षं झाली. घराच्या बारा पायऱ्या आहेत, सातव्या पायरीला ते कठडा धरून थांबतात. सकाळचा अर्धा तास तर नुसता कफ काढण्यात जातो.

दम लागला की सगळे ‘टीबी उलटला’ असंच धरून चालतात. एका दवाखान्यात थुंकी न तपासता, नुसता एक्स-रे बघून परत टीबीच्या गोळ्या सुरू केल्या होत्या! अशी तीन वर्षं गेल्यावर मिरजेला छातीच्या डॉक्टरांनी स्पायरोमेट्री (नळीत जोरात फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजायची तपासणी) आणि सीटी स्कॅन केल्यावर कळलं, जंतू नाहीत. पण फुफ्फुसात व्रण राहिलेत आणि श्वासनलिका कायमच्या रुंदावल्यात, तिथं कफ साठतो. याला ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. गेलेलं फुफ्फुस परत येत नाही, पण कफ काढायचे व्यायाम, इनहेलर आणि फ्लूची लस यांनी अण्णांना खरंच फरक पडला. हळदीच्या धुरळ्यातूनही ते सुटले, आता तोलाईची वही लिहितात.

सरकारी नियमात उपचारानंतर दोन वर्षं, दर ६ महिन्यांनी पाठपुरावा आहे. त्यात आमच्याकडे ‘ताप येतो का, वजन घटलं का’ एवढंच विचारलं. शेवटच्या गोळीसोबतच स्पायरोमेट्री सांगितली असती, तर अण्णांची ती तीन वर्षं वाचली असती.